आप्पांची हत्यारांची पेटी

माणदेशी

नमस्कार. येत्या महिन्यात माझ्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आप्पांचे, वर्षश्राद्ध आहे. त्यानिमित्ताने घर आवरताना माळ्यावरून त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी खाली काढली आणि तिचे काय करायचे, हा प्रश्न आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांपुढे येऊन पडला. भाऊ म्हणतो, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एवढे वजन ठेवायला जागा नाही. आई काहीच बोलत नाही. मला ती भंगारात द्यायची नाही, पण ठेवून काय करणार हेही सांगता येत नाही. सल्ला मागण्यापूर्वी पेटी कोणाची होती हे सांगणे भाग आहे, म्हणून हे लेखन जरा लांबणार आहे.

आप्पांचा जन्म १९५२ सालचा, माण तालुक्यातल्या म्हसवडजवळच्या एका खेड्यातला. घरी सहा एकर जमीन होती; पण माणमध्ये जमीन असणे आणि पीक हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७२च्या दुष्काळात वीस वर्षांचे आप्पा इतर सगळ्या गावाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी यांच्याविषयी त्या पिढीतले सगळेच बोलतात. आप्पा मात्र त्या कामावरच्या लोहाराविषयी बोलत. बोथट झालेल्या पहारी आणि टिकाव शेवटून, म्हणजे त्यांना पुन्हा टोक काढून, द्यायला तो लोहार एका लिंबाखाली भाता लावून बसे. दुपारच्या सुट्टीत सगळे आडवे होत, तेव्हा आप्पा त्याचा भाता ओढायला जाऊन बसत. तापलेल्या पोलादाचा रंग नेमका कुठला झाला की ते पाण्यात बुडवायचे, हे त्यांनी तिथे पाहिले. फार आधी बुडवले तर टोक तडकते आणि उशीर झाला तर ते मऊ राहते, हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवले आहे की भाऊ आणि मी ते त्यांच्याबरोबरच पुरे करायचो.

पुढे आयटीआयचा अभ्यासक्रम करून ते १९७५ साली एसटीत मदतनीस म्हणून लागले आणि २०१० साली, वयाच्या ५८व्या वर्षी, प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले. मधली पस्तीस वर्षे सातारा विभागातल्या निरनिराळ्या आगारांत गेली आणि त्यांतली बरीचशी रात्रपाळीत गेली, कारण गाड्या दिवसा रस्त्यावर असतात आणि दुरुस्ती रात्रीच करावी लागते. सकाळी साडेसात-आठला ते सायकलवरून घरी येत, तेव्हा त्यांच्या अंगाला डिझेल, ग्रीस आणि लाइफबॉय असा तिहेरी वास येई. आंघोळ करून ते झोपत आणि दुपारी दोनला उठून घरातल्या कामाला लागत.

घरातले काम म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. आमच्या घरात कारागीर म्हणून बाहेरचा माणूस कधी आला नाही. नळाचा वायसर, स्टोव्हच्या पंपातले चामडे, इस्त्रीचे कॉइल, छत्रीची काडी, माझ्या चपलेचा अंगठा, भावाच्या सायकलचे पंक्चर आणि शेजारच्या काकूंच्या शिवणयंत्राची गाठी मारणारी धोटी, हे सगळे त्यांच्या हातून जात असे. १९९१ साली आम्ही दोन खोल्या बांधल्या. गवंडी तेवढा बाहेरचा होता. विजेच्या नळ्या, नळजोड, खिडक्यांचे गज हे सगळे आप्पांनी केले आणि स्लॅब पडल्यावर एकवीस दिवस रात्रपाळीवरून आल्या आल्या, न झोपता, आधी वर जाऊन पाणी मारले.

या सगळ्याची एक वही होती. तारीख, वस्तू, काय बदलले, किती खर्च आला, असे रकाने असत. आगारात प्रत्येक गाडीचा केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये ती किती किलोमीटर चालली याचा हिशेब, लिहावा लागतो. ती सवय त्यांनी घरी आणली. घरातल्या स्टोव्हचाही केपीटीएल काढता आला असता तर त्यांनी तो काढला असता, असे आई म्हणते. रेशनचे रॉकेल किती दिवस पुरले याची नोंद मात्र वहीत खरोखर आहे.

एक प्रसंग सांगते. १९८९ साली मी दहा वर्षांची असताना चिपळूणला मावशीकडे बारशाला निघालो होतो. आप्पांनी रजा काढली होती आणि कडक इस्त्रीचा पांढरा टेरिलीनचा शर्ट घातला होता. कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरू लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली. पाऊस होता आणि धुक्यात पुढचे झाड दिसत नव्हते. चालकाने चार वेळा स्टार्टर मारला. पाचव्या वेळी मारणार तोच आप्पा जागेवरून ओरडले, "बॅटरी संपवू नका, हवा धरलीया." आईने त्यांचा हात धरला होता, तो सोडवून घेऊन त्यांनी शर्ट काढला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि बनियनवर ते खाली उतरले. पँटच्या खिशात दहा-अकराचा पाना होता. तो नेहमीच असे, लग्नाकार्यातसुद्धा.

मी खिडकीतून वाकून पाहत होते. डिझेलच्या नळीचा एक जोड ढिला होऊन हवा आत शिरली होती. त्यांनी तो जोड आवळला, गाळणीवरचा छोटा बोल्ट दोन आटे सैल केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. बोल्टाच्या फटीतून आधी नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल मिसळून आले आणि बऱ्याच वेळाने बुडबुडा नसलेली डिझेलची सलग धार लागली. पंप दाबतच त्यांनी दुसऱ्या हाताने बोल्ट आवळला. गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाहकाने चहाचे पैसे देऊ केले. आप्पा वर येऊन बसले आणि हात पुसायला काही नाही म्हणून चिपळूणपर्यंत दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांडीवर अधांतरी धरून बसले. आई मात्र भडकली होती, कारण आम्ही पोहोचलो तेव्हा बाळाचे नाव ठेवून झाले होते.

आता जे लिहिते ते थोडे अवघड आहे. आप्पांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. भावाला हाका मारून मारून बोलवत आणि तो पळून जाई. मी शेजारी उभी असे आणि माझी नेमणूक एकच होती, ती म्हणजे बॅटरी धरणे. "उजेड हलवू नको" आणि "मी बघतोय तिथं पाड, तू बघतीयास तिथं नको" ही दोन वाक्ये माझ्या बालपणात 'जेवायला चला' इतक्याच वेळा ऐकली असतील. मुलीच्या जातीने ग्रीसमध्ये हात घालू नयेत, असे त्यांना वाटे आणि त्यात त्यांना काही चूक वाटत नसे. मला ते तेव्हाही लागले होते आणि आज ते नाहीत म्हणून ते लागलेच नव्हते, असे मी लिहिणार नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणून ते दोन दिवस तिळाचे तेल चोळत बसले आणि आम्हाला फोन केला नाही. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, हे आम्हाला रुग्णालयात कळले. उजवा हात गेला तो गेलाच आणि बोलणेही जड झाले. मी नोकरीतून सहा महिन्यांची रजा घेऊन घरी राहिले. एके रात्री मोरीतला नळ ठिबकू लागला. आप्पांना झोप येईना. त्यांनी डाव्या हाताने पेटीकडे बोट दाखवले, मग माझ्याकडे दाखवले आणि उशाखालची बॅटरी स्वतः उचलली.

मुख्य कॉक बंद करणे, नळाचे डोके उघडणे, झिजलेला वायसर काढणे हे मी पन्नास वेळा पाहिले होते; हात मात्र प्रथमच लावत होते. मी नट उलटा फिरवला की ते घशातून "अंहं" असा आवाज काढत. जास्त आवळायला लागले तेव्हा त्यांनी जोरात मान हलवली आणि फार प्रयत्नाने एकच शब्द उच्चारला, "आटं." आटे गेले तर नळच बदलावा लागतो. डाव्या हातातली बॅटरी सारखी थरथरत होती आणि उजेड हलवू नका असे त्यांना म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या दीड वर्षात आम्ही अशी बावीस कामे केली. वहीत ती माझ्या अक्षरात आहेत.

तर पेटीत चार ते बत्तीसपर्यंतचे डबल पाने, रिंग पाने, तीन पकडी, सहा कानशी, छिन्न्या, एक छोटी ऐरण, आटे पाडायच्या टॅप आणि डाय यांचा संच आणि कशासाठी होते ते मला न कळलेले बरेच काही आहे. आपण काय केले असते?

डबलबेल

माणदेशीताई, आपल्या वडिलांना विनम्र अभिवादन. मी एसटीत अठ्ठावीस वर्षे वाहक होतो, त्यामुळे वाचताना डिझेलचा वास आला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे आम्ही दर वर्धापनदिनी ऐकतो आणि ऐकलीही पाहिजेत. त्या पहाटे गाडीखाली झोपून नटबोल्ट कोणी आवळले, हे मात्र मी कधी ऐकले नाही. प्रवाशाला चालक दिसतो, वाहकाशी तर त्याचे सुट्ट्या पैशांवरून भांडणही होते. कार्यशाळेतला माणूस त्याला दिसतो तो फक्त गाडी बंद पडल्यावर, म्हणजे शिव्या खायच्या वेळेला.

एक विचारतो. २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि एप्रिल २०२२पर्यंत लांबलेला संप त्यांनी पाहिला असणार. जुन्या कारागिरांना तो कसा वाटला, याची मला उत्सुकता आहे.

माणदेशी

डबलबेलकाका, आभार. ते आठवड्यातून दोनदा आगाराच्या फाटकापाशी जाऊन बसत. एसटीचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी त्यांना रास्त वाटत होती, कारण पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या पेन्शन योजनेतले त्यांचे निवृत्तिवेतन अडीच हजारांच्या आत होते. पण घरी आल्यावर ते गाड्यांविषयी बोलत. इतके महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरणार, रबरी सिले सुकणार, टायर एका बाजूला बसणार, याचा त्यांना घोर लागला होता. संपकऱ्यांतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला त्यांनी "निदान आठवड्याला एकदा इंजिनं फिरवा की रं" असे सांगून पाहिले. तो म्हणाला, "आप्पा, मग तो संप कसला?" आप्पांना ते पटले आणि तरी रात्री जेवले नाहीत.

खटपट्या

भंगारात देऊ नका, एवढेच आधी सांगतो. जुन्या पान्यांचे पोलाद चांगले असते आणि आज त्या दर्जाचा संच घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल.

काय करायचे ते ठरेपर्यंत जपणूक अशी करा. गंजलेले पाने रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, कोरडे पुसा आणि इंजिन ऑइलचा अगदी पातळ हात देऊन सुती फडक्यात गुंडाळा. कानशींना मात्र तेल लावू नका. तेल लागलेली कानस धातूवरून नुसती घसरते. त्यांच्या दातांत खडू घासून ठेवा, म्हणजे दमटपणा शोषला जातो आणि पुढे घासताना कीसही अडकत नाही. टॅप आणि डाय वेगळ्या डब्यात ठेवा, कारण त्यांच्या धारा एकमेकांवर आपटून जातात.

एक भाबडा प्रश्न. 'कशासाठी होते ते न कळलेले' म्हणजे काय काय आहे?

रानजाई

लेख मनापासून आवडला आणि बॅटरी धरण्याविषयी आपण जे स्पष्ट लिहिले आहे, ते तर फारच आवडले. तरीही एक खटकले, ते सांगते. स्लॅबवर एकवीस दिवस पाणी मारले, ते सकाळी आठला. स्लॅबला पाणी दिवसातून एकदा मारून भागत नाही, निदान तीनदा मारावे लागते. ते झोपलेले असताना आणि कामावर गेलेले असताना बादल्या वर कोण नेत होते? दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी दोन लहान मुले घरात गप्प कोण ठेवत होते? आपल्या आईंना संपूर्ण लेखात दोनच कामे आहेत, भडकणे आणि काहीच न बोलणे. माझ्या वडिलांविषयी मी लिहिले असते तर कदाचित हीच चूक केली असती. म्हणून हे दोष देण्यासाठी म्हणत नाही.

गिरणगाव

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होतो. गिरणी पुन्हा त्यांना लागली नाही. त्यांनी आधी भाजी विकली, मग एका सोसायटीत पहारा केला, आणि दोन्ही कामांत त्यांच्या हातांना करण्यासारखे काही नव्हते, ही गोष्ट त्यांना पैशांपेक्षा जास्त खात होती, असे मला आता वाटते. गिरणीतून आणलेला एक धोटा त्यांनी जपून ठेवला होता. तो मी काचेच्या कपाटात ठेवला आहे. येणारे जाणारे हातात घेऊन 'छान आहे' म्हणतात आणि परत ठेवतात. सुटा धोटा साच्याशिवाय काहीच करू शकत नाही. आपले पाने मात्र अजून कामाला येतील, म्हणून ते कपाटात ठेवू नका, ही विनंती.

माणदेशी

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण रानजाईंचा प्रश्न मी आईला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "दुपारचं आन् संध्याकाळचं पाणी मीच मारायची की. तू पोटऱ्या चेपून द्यायचीस, इसरलीस?" मी खरोखरच विसरले होते. वरच्या लेखात बदल करत नाही; चूक तशीच दिसू दे.

पेटीचे सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. तिथे काम करणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आयटीआयचा डिझेलचा अभ्यासक्रम करतो आणि संध्याकाळी हत्यारे मालकाकडून मागून वापरतो. त्याला रविवारी घरी बोलावले. भाऊही पुण्याहून आला होता. मुलाने पेटीतली एकेक वस्तू काढून वर्तमानपत्रावर मांडली. खटपट्या, आपण विचारले होते त्यातल्याच एका वस्तूपाशी तो अडला. सतरा-अठराचा एक पाना होता, त्याचे तोंड दोन्ही बाजूंनी कानशीने घासून जवळजवळ निम्मे पातळ केले होते आणि दांडा तापवून वाकवला होता. तो म्हणाला, "ताई, हा खराब झालाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "खराब नाही झाला, केलाय तसा. पंपाच्या मागं एक नट असतो, तिथं साधा पाना शिरत नाही. दोन रात्री घासत बसले होते हितं वसरीवर." मग ती खाली बसली आणि उरलेल्या वस्तू दाखवू लागली. हा आकडा स्प्रिंग ओढायचा, ही पितळी कांडी लोखंडाला घाव न लागता ठोकायची, हा पत्र्याचा तुकडा फटीचे माप बघायचा. मी आणि भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. बॅटरी धरणारी मी एकटीच होते, असे मला चाळीस वर्षे वाटत होते.

पेटी त्या मुलाला दिली. ऐरण भावाने मागून घेतली, कशासाठी ते त्यालाही सांगता आले नाही. मुलगा पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधत असताना आईने त्याला थांबवले, झाकण उघडायला लावले आणि आतून दहा-अकराचा पाना काढून घेतला. पाण्याच्या मोटरचे बोल्ट दहाचे आहेत, असे ती म्हणाली.